कागदावरच्या दोन चुली

कचेरीसमोर टेबल टाकून अर्ज लिहीत बसलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. गिऱ्हाईकच घेऊन येतं! बावीस वर्षांत इतके साचलेत, की टपरीवर मला कुणी चहाचे पैसे देऊ देत नाही. पण त्यातला एक प्रकार मी हल्ली सांगत नाही. आज सांगतो.

धुळ्याला अंथरुणाला खिळलेल्यांना सांभाळणारं एक केंद्र आहे. खर्च सगळा सरकारचा. अट अशी, की पेशंटच्या नावावर काही नको आणि त्याला सांभाळणारा नवरा किंवा बायको नको. आता दोघं म्हातारे, एक पडलेला, दुसऱ्याला उचलवत नाही, आया परवडत नाही. करायचं काय? माझी आयडिया तालुकाभर फेमस होती. घर-शेत धडधाकट असेल त्याच्या नावावर करायचं, रेशनकार्ड फोडायचं आणि तलाठी चौकशीला आला की घरात दोन चुली दाखवायच्या. दोन चुली म्हणजे दोन घरं!

*

एका रिटायर्ड मास्तरांच्या घरी एकाच ओट्यावर दोन शेगड्या मांडल्या होत्या. मध्ये खडूची रेघ! मास्तर खाटेवरून उठत नव्हते, तेव्हा त्यांची शेगडी पेटवतं कोण, हे तलाठी भाऊसाहेबांनी विचारलं नाही.

मास्तरीणबाईंनी आपल्या शेगडीवर चहा केला. भाऊसाहेबांनी घोट घेतला, तर अगोड. बाईंनी जीभ चावली.

"साखरेचा डबा त्यांच्या घरात राहिला," म्हणाल्या, आणि हात लांबवून रेघेपलीकडचा डबा उचलला!

हा किस्सा मी वर्षभर सांगत होतो.

*

पारोळ्याकडचे एक कपाशीवाले. अर्धं अंग गेलेलं, पण बिडी सुटेना. शेत, घर, म्हैस, सगळं बायकोच्या नावावर झालं. त्यांनी अंगठा उठवला आणि सवयीने खिशात हात घातला. बायकोने तो धरला.

"आते बिडी पेवानी व्हई ते पहिले माले इचारानं! बठ्ठं मना नाववर शे!"

अख्खी कचेरी हसली. म्हातारा सगळ्यात जास्त हसला.

*

तीच बाई आठवड्याने प्रतिज्ञापत्रासाठी आली. लिहिता-वाचता येत नसेल त्याला कागद वाचून दाखवायचा, असा नियम आहे. मी घाईघाईत वाचला. 'मी माझ्या पतीस सोडले असून त्यांचा सांभाळ करण्यास माझा नकार आहे.'

बाईने अंगठा शाईत बुडवला आणि तसाच हवेत धरून ठेवला.

"भाऊ, लिखेल खरं व्हस नही ना?"

"नाही हो अक्का! नुसता कागद आहे," मी हसून म्हणालो आणि तिचा अंगठा धरून टेकवला. मागे रांग होती ना! त्या हसण्याची मला आज लाज वाटते.

*

कारण पुढच्याच वर्षी माझ्या आईला लकव्याचा झटका आला. आबा, म्हणजे माझे वडील, शहात्तरचे. गावात दोघंच. तालुक्याला माझ्या दोन खोल्यांत आईची खाट मावली असती. "आणा इकडे," असं बायको म्हणालीही. मीच म्हणालो, "केंद्रात नर्स असतात, चांगलं बघतात." हे वाक्य इतक्या लोकांना ऐकवलं होतं, की घरीही तोंडातून तसंच्या तसं बाहेर पडलं.

घराच्या उताऱ्यावरून आईचं नाव मी स्वतः कमी केलं. पडवीत दुसरी चूल मांडली. आबांकडून उत्तरं पाठ करून घेतली.

भाऊसाहेब आले. आबा पडवीत बसून घडाघडा बोलले. "आम्ही वेगळे राहतो. वर्ष झालं, बोलणं नाही."

तेवढ्यात आतून आईचा बोबडा आवाज आला. "ओऽ, बीपीनी गोयी लिधी का?"

"लिधी वं!" गोळी घेतल्याचं आबा बोलून गेले.

भाऊसाहेबांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मग मान खाली घालून त्यांनी कागदावर 'विभक्त' लिहिलं. हा किस्सा मी टपरीवर सांगितला नाही.

*

आईला जागा मिळाली. केंद्रात भेटायला येणाऱ्यांचं रजिस्टर असतं, त्यात नात्याचा रकाना. "तिथे नवरा लिहू नका, जागा जाईल," असं आबांना मीच बजावलं होतं. ते दर गुरुवारी एसटीने जातात. मला काही दर आठवड्याला जमत नाही.

परवा गेलो, तर नर्सबाई म्हणाल्या, "बरं झालं आलात. आई आमच्या हातून जेवतच नाहीत. पण तुमचे ते शेजारी, देवमाणूस हो! गुरुवारी येतात, डोक्याला तेल लावतात, वेणी घालतात, घास भरवतात. मग सगळं ताट संपतं! हल्ली असे शेजारी मिळतात कुठे?"

"हो," मी म्हणालो. "जुना शेजार आहे."