राखणदाराला घातलेलं गाऱ्हाणं

रविवारी आम्ही जंगलात पळायला जातो, असं मी बाबांना फोनवर सहज सांगून बसले. तिकडे घोडपदेवच्या खोलीत ते हसत सुटले. “मुंबयत खंयचा जंगल गो?” शीवच्या पुढे, मिठीच्या काठाला, जुन्या डम्पिंगवर झाडं लावून वाढवलेलं रान आहे, असं सांगितलं तर म्हणाले, “मग माका बघूकच होया.” डॉकयार्डातून रिटायर झालेल्या, गुडघ्यांनी घरात बसवलेल्या माणसाला नाही कसं म्हणणार? हो म्हटलं आणि फोन ठेवताच पस्तावले.

कारण ग्रुप. परळच्या आमच्या टॉवरमधल्या बायकांचा रनिंग ग्रुप. टॉवरला लागूनच जुन्या चाळकऱ्यांची इमारत आहे, तिला आमच्यात नुसतं ‘मागची बाजू’ म्हणतात. मी पुढच्या बाजूला राहते. आपण चाळीत वाढलो हे मी लपवलं नव्हतं. कोणी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. आता लपवणं म्हणजे आणखी वेगळं काय असतं म्हणा! ग्रुपची कॅप्टन एकदा मागच्या बाजूच्या दारांपुढच्या चपलांच्या ढिगावरून काहीतरी बोलली. सगळ्या हसल्या आणि सगळ्यांत मोठ्याने मी हसले.

त्या रविवारी मी बाबांना टॅक्सीने घेऊन मुद्दाम लवकर पोचले. म्हटलं, तुम्ही आरामात फिरा, मी पळून येते. ते एका टोकाला, आम्ही दुसऱ्या टोकाला, असा माझा हिशेब. वाट गोल आहे आणि गोल वाटेवर माणूस टाळता येत नाही, हे माझ्या टाळक्यात शिरलंच नव्हतं.

फाटकाच्या आत शिरताच बाबांनी चपला काढल्या आणि बाकाखाली सरकवल्या. “अहो, काटेबिटे असतील,” मी म्हटलं. “देवाच्या रानात वहाणा घालून जातत काय?” आमच्या गावच्या देवराईत कोणी वहाणा घालून जात नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलत नाही. मी वैतागून म्हटलं, “हे देवाचं रान नाही बाबा, कचऱ्यावरचं आहे.” त्यावर त्यांनी मान हलवली. “रान ता रान. राखणदार आसतलोच.”

ग्रुप आला आणि आम्ही पळायला लागलो. वाट सोपी आहे, चढ नाही, सावली भरपूर, गप्पा मारत पळता येतं. कोणाच्या तरी सुनेचा विषय रंगात आला होता. वळणावरच्या वडाखाली बाबा अनवाणी उभे होते. मुळाशी पानावर सुपारी ठेवलेली, हात जोडलेले, आणि खणखणीत आवाजात गाऱ्हाणं चाललेलं: “बा देवा म्हाराजा, ह्या रानाच्या राखणदारा…” गाऱ्हाणं एकट्याने घालायचं नसतं. एकाने बोलायचं आणि बाकीच्यांनी दर वाक्याला “व्हय म्हाराजा!” म्हणायचं. सोबत कोणी नव्हतं, तरी सवयीने बाबा प्रत्येक वाक्यानंतर थांबत होते. त्या मोकळ्या जागेत फक्त आमच्या बुटांचा आवाज येत होता.

“मागच्या बाजूचे काका दिसतायत,” कॅप्टन म्हणाली. बायका खुसुखुसु हसल्या. मी खाली बुटांकडे बघत तशीच पुढे गेले. मला बाबांची लाज वाटली, हे सरळच सांगते.

पुढे तळ्यापाशी दुसरी लाज सुरू झाली. ही माझी होती आणि ती पहिलीपेक्षा वाईट. वाट मला पुन्हा त्याच वडाकडे नेणार होती. बाबा निघून गेलेले असू देत, असंही मनात आलं. मग स्वतःलाच म्हटलं, पुरे. थांबायचं, हे माझे बाबा म्हणून सांगायचं, काय व्हायचं ते होऊ दे.

बाबा मुळावर बसून गुडघा चोळत होते. मी थांबले. कॅप्टनही थांबली. “काय गं, ओळखतेस?”

मी तोंड उघडलं, पण शब्द यायच्या आत बाबा उठून उभे राहिले. त्यांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, परक्याच्या लेकीकडे बघावं तसं. आणि माझ्याशी जन्मात कधी बोलले नव्हते अशा शुद्ध मराठीत म्हणाले, “नाही हो मॅडम. मी आपला असाच आलो फिरायला. तुम्ही पळा.”

आणि मी पळाले.

नंतर ग्रुप इडली खायला गेला. मी काहीतरी कारण सांगून मागे राहिले. बाबा बाकावर बसून चपला घालत होते. टॅक्सीत बसल्यावर मीच विचारलं, “काय मागितलंत राखणदाराकडे?”

“तुझ्यासाठीच गो,” ते खिडकीबाहेर बघत म्हणाले. “म्हटलंय, आमचा चेडू नव्या माणसांत गेलाहा, तेका सांभाळून घे. तेंच्यात तेका मान मिळांदे.”

ड्रायव्हरला ऐकू जाऊ नये एवढ्या आवाजात मी म्हटलं, “व्हय म्हाराजा.”

“हळू कित्याक?” बाबा म्हणाले. “ता मोठ्यान म्हणूचा आसता.”

ड्रायव्हर आरशातून आमच्याकडे बघत होता. मी मान खाली घातली आणि बुटांकडे बघत राहिले.