जावयांनी वाचवलेले किडे

गच्चीवर टोमॅटो लावणाऱ्यांनो, आजचं ऐका. बोलतेय मी, टाइप करतेय नात. मला लिहिता येत नाही.

चेन्नईत मैलापूरला लेकीच्या गच्चीवर सहा कुंड्यांत मी टोमॅटो वाढवलेत. आता कुठे पहिली फळं धरलीत. आज सकाळी आमचे जावई, बँकेत मोठे साहेब, हसत खाली आले. "आई, तुमची झाडं वाचवली!"

ठिपकेवाला किडा झाडाचा मित्र, असं त्यांनी मोबाइलवर वाचलेलं. म्हणून ठिपकेवाले सगळे जपले, आणि काळ्या काटेरी अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात बुडवल्या. का, तर दिसायला ओंगळ! त्यांना घेऊन मी गच्चीवर गेले.

"अहो, त्याच अळ्या मावा खातात, ती शेंड्यांचा रस शोषणारी बारीक कीड. मोठ्या झाल्या की त्यांचाच तुमचा तो मित्र होतो."

"मग हे ठिपकेवाले?"

"मित्र चकचकीत असतो, ठिपके मोजके. हे मातकट, अंगभर ठिपके. पान खरवडून जाळी केलीय, दिसत नाही?"

"फोटो काढून विचारू का कुणाला?"

पान हातात, आणि हे फोटोला विचारणार! एवढं शिकून हेच?

ठिपकेवाले मीच वेचले. पण मावा पार फळांच्या देठापर्यंत चढलाय. म्हणून साहेबांना पाटावर बसवलंय; ओल्या बोटाने एकेक शेंडा पुसतायत. अळ्यांचा हात जास्त चालायचा, आणि त्या मधेच कॉफी मागत नव्हत्या.

यंदा रसमपुरते तरी टोमॅटो मिळतील का, देव जाणे. तुमच्याकडे झाडाकडे न बघता झाड वाचवणारं कोण आहे?