तळ्याचं कार्ड

आमच्या शहरातल्या तळ्याकाठी दामूअण्णा शहराची चित्रं असलेली पोस्टकार्डं विकतात. माझ्याकडे त्यांची बरीच जमली आहेत. काल बाहेरगावच्या एका बाईंनी तळ्याचं कार्ड उचललं. निळंशार पाणी, होड्या, पलीकडचं देऊळ.

"हे कुठे आहे हो?"

दामूअण्णांनी मागे बोट दाखवलं. तळं जलपर्णीने काठोकाठ भरलं होतं. बाईंनी कार्ड परत ठेवलं.

"अण्णा, नवे फोटो का नाही काढत?" मी विचारलं.

"कशाचे काढू?"

माणूस गेलं तर सुतक तरी पाळता येतं. शहर डोळ्यांदेखत असं हळूहळू जातं, तेव्हा तेवढंही नशिबी नसतं. मी ते कार्ड विकत घेतलं आणि तळ्याकडे पाठ करून कठड्यावर ते बघत बसलो.