जाळीला बांधलेली तार

बिजागऱ्या करून नाव कमावलेला हा माणूस नगरसेवक झाला, तरी लोक त्याला बिजागरीशेठच म्हणत. त्यालाही ते आवडायचं. मतं मागायला गेला की तो दाराच्या बिजागरीकडे बोट दाखवायचा आणि म्हणायचा, "हे आमचंच लेकरू." लोक हसायचे आणि मत द्यायचे.

सोमवारी सकाळी तो कार्यालयात अर्जांवर सह्या करत बसे. त्या दिवशी समोर आला तो त्याच्या कारखान्यातला जुना कामगार, पत्रा कापायची प्रेस चालवणारा. सोबत बायको. त्याच्या उजव्या हाताला फक्त अंगठा आणि करंगळी.

"अपंगांच्या सवलतीचा अर्ज आहे," बायको म्हणाली. "तेवढा कारणाचा रकाना भरा. लिहा, कामात लक्ष नव्हतं. तेरा वर्षं बोलतेय मी यांना. तुम्ही दवाखान्यात येऊन सांगितलंत, म्हणून कळलं तरी."

प्रेसवाला खाली बघत होता.

हात आत जाऊ नये म्हणून असलेली प्रेसपुढची जाळी लावल्याशिवाय पातं खाली येत नसे. दर वेळी जाळी उघडा, पत्रा सरकवा, पुन्हा लावा, त्यात वेळ जायचा. मोठी ऑर्डर अंगावर आली, तेव्हा शेठने स्वतःच्या हाताने जाळीचा खटका तारेने बांधून टाकला. मग जाळी उघडी असली तरी प्रेस चालायची. चौथ्या दिवशी तीन बोटं गेली. तपासणीस यायच्या आत शेठने तार सोडली आणि दवाखान्यात जाऊन तोंड वर करून खोटं बोलला. तेव्हा वाटली नव्हती ती सगळी लाज आता वाटली. 'माझे कामगार म्हणजे माझं कुटुंब,' असं सत्काराच्या भाषणात आपण बोललो होतो, हे आठवून त्याला स्वतःचीच किळस आली.

बाहेर रांग चुळबुळत होती. सही ठोकली असती, तर दोन मिनिटांत दोघं निघून गेली असती.

"वहिनी," तो म्हणाला, "यांचं काही चुकलं नव्हतं. जाळीचा खटका मीच बांधून ठेवला होता. मी खोटं बोललो."

त्याला वाटलं, ही आता चप्पल काढणार. काढली असती तर बरं झालं असतं. पण ती त्याच्याकडे बघतच नव्हती. ती नवऱ्याकडे वळली.

"अहो, मग तुम्ही का नाही बोललात?"

"बोललो होतो की," प्रेसवाला हळूच म्हणाला. "शुद्धीवर आलो त्याच दिवशी. तू म्हणालीस, एवढा मोठा माणूस कशाला खोटं बोलेल?"