वाकून खेळणारी

दुखऱ्या हाताला मलम लावलं की नगरचं वसतिगृह आणि तिथला बॉक्सिंगचा सराव आठवतो. शेवगावकडच्या ऊसतोड कुटुंबातली माझी मैत्रीण पोलिसातल्या मुरलेल्या महिला बॉक्सरशी लढणार होती. जिंकली तरच राज्य संघात निवड. “तीन राउंड टिकली तरी लई झालं,” मी म्हणाले. “वाकून खेळते, तिथंच हरेल,” आमचे बॉक्सिंगचे सर म्हणाले. लढत बघायला आलेली तिची आई हसली, “सर, उभ्यानं तिला कायच जमत न्हाई. उसाच्या फडात वाकली की मग गड्यालाबी ऐकत न्हाई.” लढतीत त्या बाईंचे नेमके ठोसे तिच्या डोक्यावरून जात राहिले आणि हिचे खालून बरगड्यांवर बसत गेले. पंचांनी तिचाच हात उंचावला. मी घरातली पहिली पदवीधर, पण त्या आईसारखं माणूस ओळखणं मला अजून जमलेलं नाही.