मावशीच्या हाताचं माप

मी बांधलेल्या पहिल्या बांधात पाणी टिकलं नाही. आंदर मावळातला पाऊस, खाली दांडगा ओढा, मध्ये माझी दगडी भिंत. तरी दिवाळीला त्या भिंतीमागे गुरं बसून निवांत रवंथ करत होती. ओढा जिथे सगळ्यात अरुंद, तिथे बांध घालावा म्हणजे दगड कमी लागतात, एवढं मला पुस्तकातून कळलं होतं. खालच्या खडकाला भेगा आहेत का ते आधी पाहावं, हे बहुधा पुढच्या पानावर असावं.

सत्तर सालानंतरचे ते दिवस. मी लोणावळ्याच्या कचेरीत नवाकोरा ओव्हरसियर होतो. खांद्यावर मोजणीची दुर्बीण, मागे साखळी धरणारा गडी, डोक्यावर टोपी. लोक मला ‘बांधाचा सायेब’ म्हणत. दिवाळीनंतर म्हणत तेव्हा जरा हसून म्हणत.

माझा बांध वाया गेला हे मला पहिल्यांदा सांगितलं ते खेकडेवाल्या मावशीनं. ओढ्याच्या उगमाकडे डोंगराच्या कुशीत एक ठाकरवाडी होती, तिथली ती. साठीला आलेली, काटक, आणि उजवा हात बोटांपासून खांद्यापर्यंत ओरखड्यांनी भरलेला. काठावरच्या बिळाशी ती एका कुशीवर आडवी व्हायची, हात आत सारायची आणि नजर आभाळाकडे लावून स्वस्थ पडायची. पाहणाऱ्याला वाटावं बाई झोपली. मग हात बाहेर यायचा आणि बोटांत खेकडा असायचा. तो टोपलीत टाकण्याआधी मावशी आपल्या हाताकडे पाहायची. ओला चिखल कुठून कुठपर्यंत लागलाय, ते पाहायची.

“जितं खेकडं बिऱ्हाड करंना, तितं तुमी भिंत घातली,” ती मला म्हणाली.

“मग मावशी, बांधत होतो तेव्हा बोलला का नाहीत? रोज समोर बसून बघत होतात.”

“तुमी इच्यारलं कुटं? तुमी तर त्या नळीत डोळा घालून बसलेले. म्हनलं, सायबाला दिसत आसंल काईतरी.”

खेकड्याला ओल लागते, ही मावशीची सगळी विद्या. ऊन वाढलं की खेकडा ओलीच्या मागे खाली खाली उकरत जातो. म्हणून बीळ किती खोल गेलं, त्यावरून जमिनीतलं पाणी किती खाली गेलं ते तिला कळायचं. तिची मापं चार: बोटं, मनगट, कोपर, खांदा. “चैतात कोपर आसंल तर वैशाखात झिरा चालतो,” असं ती सांगायची. झिरा म्हणजे ओढ्याच्या वाळूत उकरलेला खड्डा; त्यात पाझरणारं पाणी वाटीवाटीनं हंड्यात भरायचं. वाडीच्या बायांचा उन्हाळा त्या एका खड्ड्यावर चालायचा, आणि तो वैशाखात आटला की दोन टेकड्या ओलांडून पाणी आणावं लागायचं.

ही विद्या शिकावी म्हणून एकदा मीही आडवा झालो. हात आत घातला, आभाळाकडे नजरही लावली. आतल्या मालकानं माझं मधलं बोट धरलं. मी हात ओढला, तर कोपर अडकलं. त्या दिवशी वाडीतलं झाडून सगळं माणूस मला बघायला आलं. मावशी शेजारी येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, “वढू नका. त्यो बी घाबारलाय.” पाच मिनिटांनी खेकड्यानं मला सोडलं. ते त्याच्या मर्जीनं, माझ्या नव्हे.

पुढे माघात मोठे साहेब पाहणीला आले. कोरड्या बांधावर त्यांनी छत्री टेकली, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, या ओढ्यावर आणखी एकच बांध मंजूर करतो. जागा नक्की करून चैत्रअखेर नकाशा पाठवा. एकच बांध. खाली गावाच्या भातखाचरांपाशी घातला तर वाडीच्या बायांच्या नशिबी पुन्हा त्या दोन टेकड्या. वर घातला तर वाडीचा झिरा वाचणार.

गावाचे सरपंच, ज्यांना सगळे भाऊ म्हणत, खालच्या खाचरांचे मालक. माणूस दिलदार. मी गावात मुक्कामाला असलो की जेवण त्यांच्याकडे. तीनचार वेळा त्यांच्या घरचं खाल्ल्यावर मला शास्त्रीयदृष्ट्या खालचीच जागा योग्य दिसू लागली आणि मी नकाशावर पेन्सिलीनं तिथे रेघही मारून टाकली.

ती रेघ मावशीनं पाहिली. तिला वाचता येत नव्हतं. पण ओढ्याची वळणं तिला कागदावरही ओळखू आली. तिनं बोट ठेवून विचारलं, “हे भाऊंचं खाचार न्हवं?” मी घसा साफ केला. ती रागावली नाही. म्हणाली, “आसं करू. सगळी मिळून वढ्यावढ्यानं चालत जाऊ. गाव बी, वाडी बी. बिळा-बिळात हात घालू. जे निगंल ते निगंल.”

चैत्रातल्या एका सकाळी खरोखरच सगळे निघाले. गावातले बापये, वाडीतल्या बाया, मध्ये मी वही घेऊन. मावशी हात घालणार, माप सांगणार, बाया शेजारच्या दगडावर चुन्याची खूण करणार, मी लिहिणार. सुरुवात खालून, भाऊंच्या खाचरापासून. मावशी आडवी होणार तोच भाऊ म्हणाले, “मावशे, तुजा हात वाडीकडंच झुकायचा.”

“मंग तुमी घाला की.”

भाऊंना वाटलं नव्हतं असं होईल. पण गाव बघत होतं. त्यांनी सदऱ्याची बाही वर केली आणि ते धोतर सावरत आडवे झाले. हात मनगटापर्यंतच आत गेला आणि बोटं चिखलानं भरून बाहेर आली; म्हणजे तिथे पाणी हाताशीच होतं. मी लिहिलं: मनगट. तिथून वर प्रत्येक बिळात दोघांनी हात घातले. भाऊंचा हात लांब, म्हणून त्यांच्या मापाला चार बोटांचा फरक धरायचा असं बायांनी परस्पर ठरवून टाकलं. जांभळीच्या झाडापाशी कोपर लागलं. जांभळीच्या वर वाडीच्या झिऱ्याशी दोघांचे हात खांद्यापर्यंत गेले आणि कोरडे आले.

भाऊ बराच वेळ हाताची माती झाडत बसले. मावशी जांभळीखाली टाच आपटत म्हणाली, “हितं पोटात सलग खडाक हाय. काठाकाठानं पानी तुंबून र्‍हातंय ते त्याच्यामुळं. हितं भिंत घाला. वाडीचा झिरा भरंल, आन मुरलेलं तुमच्या खाचरात बी उतरंल. खाली आडवलं तर पानी वर चढून येनार हाय व्हय आमच्याकडं?”

 मग भाऊ उठले आणि माझ्याकडे वळून म्हणाले, “लिवा, सायेब. जांभळीपाशी.” पेन्सिलीची रेघ मी तिथेच, सगळ्यांसमोर, खोडून काढली. कागद जरा फाटला.

नकाशाबरोबर मी वहीची नक्कल जोडली. मोठ्या साहेबांनी लाल शाईत विचारलं: ‘खांदा’ हे कोणतं माप? मीटरमध्ये लिहा. म्हणून मी टेप घेऊन वाडीवर गेलो आणि मावशीच्या हाताची बोटांपासून खांद्यापर्यंत रीतसर मोजणी केली. तिनं गुमान मोजू दिलं आणि शेवटी विचारलं, “सरकार चोळी शिवून देनार हाय व्हय?”

बांध पाऊस लागायच्या आत झाला. दगड गावानं वाहिले, मधली चिकणमाती वाडीच्या बायांनी पायांनी तुडवून बसवली. भाऊ रोज येऊन मातीत पाय घालून बघायचे. पुढल्या वैशाखात मावशीनं झिऱ्याशेजारच्या बिळात हात घातला आणि आभाळाकडे बघत नुसतं म्हणाली, “मनगाट.” त्या उन्हाळ्यात टेकड्यांची वाट कुणी चढलं नाही. बाया झिऱ्यावर हंडे भरून झाल्यावरही गप्पा मारत बसायच्या, हेच मला फार नवलाचं वाटायचं. मी लोणावळ्याहून चिक्की नेली होती. मावशीनं ती दगडानं फोडून सगळ्यांना वाटली. स्वतः एक तुकडा गालात धरून दुपारभर बसली.

नंतर नोकरीत मी पुष्कळ ओढे पाहिले. नव्या गावात गेलो की दुर्बीण पेटीतून काढण्याआधी विचारायचो, इथे खेकडे कोण धरतं? हाताखालचे लोक समजत, साहेबांना खेकड्याचा रस्सा आवडतो. मी कधी खुलासा केला नाही. त्यामुळे जेवण बरं मिळायचं.

लोणावळ्याहून माझी बदली झाली तेव्हा माझ्या जागेवर आलेल्या नव्या ओव्हरसियरला मी वाडीवर घेऊन गेलो. पोरगा हुशार, पुस्तकं बरीच वाचलेला. मावशीची ओळख करून दिली. तो आदबीनं म्हणाला, “मावशी, आमचे हे साहेब कामाला कसे होते?”

मावशीनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. चार वर्षांची ओळख, उद्यापासून मी दिसणार नव्हतो. मला वाटलं, आता गहिवरेल.

“गुनी हाय,” ती म्हणाली. “सांगितलं तितं दगुड ठिवतो. सोताच्या डोक्यानं मातुर ठिवू देऊ नका.”