पाणबुडीला तांबडा रंग नको

उद्यमनगरात ट्रक रंगवणारा एक पेंटर होता. कामावर जाताना मी त्याला रोज बघायचो, पण नाव कधी विचारलं नाही. ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर आणि गुलाब काढावेत ते त्यानंच.

एकदा तो हातभर लांब पाणबुडी रंगवत बसला होता. पितळी पत्र्याची, रेडिओच्या लहरींवर चालणारी, स्वतः बनवलेली. रंग काळपट, शेवाळी. ओल्या पॉलिशपेपरनं तो तिची चकाकी घालवत होता. मध्येच उन्हात धरायचा, डोळा बारीक करायचा आणि कुठं चमकलं की पुन्हा घासायचा.

रंकाळा तळ्यावर पाण्यात चालणाऱ्या मॉडेलांची स्पर्धा होणार होती. तिचा एक संयोजक येऊन म्हणाला, "ओ पेंटर, तांबडा भडक मारा की. परीक्षकांना दिसाय पायजे."

"तांबडा ट्रकला," तो मान वर न करता म्हणाला. "ही पाणबुडी हाय."

दिवसभर भडक रंगात हात असणाऱ्या माणसाचा हा हट्ट मला काही कळला नाही.

स्पर्धेत त्यानं ती पाण्यात सोडली, हातातल्या रेडिओच्या पेटीची दांडी ढकलली आणि ती बुडाली. परीक्षक घाटाच्या पायरीवर वाकून वाकून शोधत राहिले. शेवटी वैतागून त्यांनी एका तांबड्या होडीला बक्षीस दिलं.

मी हळहळलो. "पेंटर, कुणाला दिसलीच न्हाई की हो."

त्यानं दांडी मागं ओढली. परीक्षकांच्या पायाशीच पाणी हललं आणि पाणबुडी वर आली.

"मघापासनं हितंच हुती," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "आता सांगा, जिंकलं कोण?"